विरोधकांचे ऋण : सी. एस. लुइसच्या अद्भुतकथांचे वाङ्मयीन पूर्वज

एखाद्या लेखकावर कोणाकोणाचे संस्कार झाले याची यादी करणे हे समीक्षेतील सोपे आणि पुष्कळदा निष्फळ काम असते. अमुक प्रसंग तमुक ग्रंथातून उचलला, अमुक पात्र तमुक पात्रावरून बेतले, असे दाखवून दिले की समीक्षकाला विद्वत्तेचे समाधान मिळते. परंतु तो लेखक थोर का, किंवा सामान्य का, हा प्रश्न जागच्या जागीच राहतो. आपल्या प्राचीन काव्याच्या बाबतीत तर अशी यादी जवळजवळ निरर्थक ठरते. रामकथा एकनाथांनी सांगितली, मोरोपंतांनी ती कितीतरी तऱ्हांनी सांगितली. कथा कोणाची, असा जाब त्यांना कोणी विचारला नाही. घेतलेल्या कथेचे त्यांनी काय केले, एवढेच रसिकांनी पाहिले.

हीच कसोटी क्लाइव्ह स्टेपल्स लुइस या लेखकाला लावून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आपल्या घरांतील नातवंडांना हा लेखक 'नार्निया'मुळे ठाऊक असतो. २००५, २००८ आणि २०१० या वर्षी आलेल्या तीन चित्रपटांनी कपाटातून बर्फाळ अरण्यात उतरणारी चार भावंडे आणि अस्लान नावाचा सिंह घरोघरी पोहोचविला. परंतु हा लेखक मुळात मध्ययुगीन व प्रबोधनकालीन इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक होता, त्याने प्रौढांसाठी तीन विज्ञानकादंबऱ्या लिहिल्या आणि तो निष्ठावंत ख्रिस्ती होता, हे आजी-आजोबांना ठाऊक असेलच असे नाही. यांतील शेवटच्या गोष्टीमुळे लुइसचे वाचन दोन टोकांना गेले आहे. श्रद्धावंत वाचक त्याच्या कथा प्रवचन म्हणून वाचतात, आणि ज्यांची ती श्रद्धा नाही ते प्रवचन समजून त्या बाजूला सारतात. मला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. लुइस आधी अट्टल वाचक होता, आणि त्याने जे लिहिले ते प्रामुख्याने आपल्या वाचनाला दिलेले उत्तर होते. ज्यांच्याशी त्याचे पटत नव्हते अशा पूर्वसूरींकडून घेताना त्याची लेखणी सर्वांत समर्थ झाली. जेथे समोर प्रतिपक्षच उरला नाही तेथे ती सैल पडली. माझे प्रतिपादन एवढेच आहे.

लुइसचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. एच. जी. वेल्सची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी ग्रंथरूपाने त्याच वर्षी आली, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९०८ मध्ये आई कर्करोगाने गेली. पुस्तकांनी भरलेल्या त्या घरात थोरल्या भावासह वाढलेला हा मुलगा पुढे कट्टर निरीश्वरवादी झाला. पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर तो जखमी झाला. १९२५ पासून ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयात त्याने अध्यापन केले, आणि १९५४ मध्ये त्याची केंब्रिजला प्राध्यापकपदी नियुक्ती झाली. १९३१ च्या सप्टेंबरात जे. आर. आर. टोल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांशी रात्री उशिरापर्यंत झालेल्या चर्चेनंतर थोड्याच दिवसांत तो ख्रिस्ती श्रद्धेकडे परतला. ती चर्चा पुराणकथेविषयी होती, हे येथे महत्त्वाचे. पुराणकथा मनाला भिडतात, पण त्या खऱ्या कशा मानायच्या, हा त्याचा प्रश्न होता. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली त्याच दिवशी, त्याचे निधन झाले.

या वाचकाच्या जीवनातील एक तारीख धर्मांतराइतकीच मोलाची आहे. १९१६ च्या मार्चमध्ये एका रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या दुकानात त्याने जॉर्ज मॅक्डोनल्ड या स्कॉटिश लेखकाची 'फँटास्टीज' ही अद्भुतकथा विकत घेतली. मॅक्डोनल्ड मूळचा धर्मोपदेशक आणि लुइस तेव्हा नास्तिक. तरीही त्या कथेतील वातावरणाने, त्यातील निर्मळ आनंदाने तो भारावून गेला. पुढे १९४६ मध्ये त्याने मॅक्डोनल्डच्या वेच्यांचे एक पुस्तक संपादित केले आणि प्रस्तावनेत त्याला उघडपणे आपला गुरू म्हटले. स्वर्ग-नरकाच्या सीमेवरची कल्पित सहल सांगणाऱ्या 'द ग्रेट डिव्होर्स'मध्ये तर मॅक्डोनल्ड स्वतःच वाटाड्या म्हणून भेटतो. डांटेला जसा व्हर्जिल भेटला, तसा. लुइसला मॅक्डोनल्डकडून कथानके फारशी मिळाली नाहीत. अद्भुताकडे पाहण्याची वृत्ती मिळाली. आणि ध्यानात घ्यावे की ही वृत्तीदेखील एका नास्तिकाने आस्तिकाकडून, मत पटत नसताना उचलली होती.

आता त्याच्या पहिल्या विज्ञानकादंबरीकडे वळू. आपल्याकडे विज्ञानकथा म्हटले की भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आठवतो आणि डॉ. जयंत नारळीकर यांच्या कथा आठवतात. नारळीकर शास्त्रज्ञ होते. विज्ञान हाच त्यांच्या कथेचा कणा. लुइस याच्या अगदी उलट टोकाला उभा आहे. त्याला यंत्राशी कर्तव्य नाही. परग्रहावर नेऊन पोहोचविण्यापुरते यान असले की त्याचे काम भागते. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट'मध्ये रॅन्सम नावाच्या भाषाशास्त्रज्ञाला वेस्टन हा पदार्थवैज्ञानिक आणि डिव्हाइन हा धनलोभी माणूस पळवून मंगळावर नेतात. मंगळावरील कोणा प्राण्यांना बळी म्हणून देण्यासाठी त्याला नेले जात आहे, असा त्यांचा समज.

ही चौकट वेल्सच्या १९०१ मधील 'द फर्स्ट मेन इन द मून'ची आहे. तेथेही गोलाकार यान आहे, एक शास्त्रज्ञ आणि एक व्यवहारी सोबती आहे, आणि शेवटी चंद्रावरील सर्वसत्ताधीशापुढे पृथ्वीवरील माणसाची झडती होते. लुइसने हे ऋण लपविले नाही. कादंबरीच्या आरंभीच्या छोट्या टिपणात त्याने वेल्सच्या कथांचा आपण आनंद घेतला असून त्यांचे ऋण मान्य करतो, असे नोंदविले आहे. परंतु चौकट घेऊन त्याने आतला आशय उलटा केला. रॅन्समच्या मनात परग्रहावरच्या जिवांची जी भीती आहे, ती वेल्स वाचूनच भरलेली आहे, असे लेखक सांगतो. विळखे घालणारे, कीटकांसारखे, निर्दय असे काहीतरी तेथे असणार! प्रत्यक्षात पाणमांजरासारखा दिसणारा एक प्राणी समोर येतो आणि आवाज काढतो. रॅन्समच्या कानाला कळते की हा नुसता आवाज नव्हे, ही भाषा आहे. त्या क्षणी भीती मागे पडते आणि या भाषेचे व्याकरण कसे असेल, या विचारात तो गढून जातो. परप्रांतात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रसंग विशेष जवळचा वाटावा. शेजाऱ्याची भीती त्याची भाषा कळू लागली की कमी होते, हे आपल्या पणजोबांनी माळव्यात, बडोद्यात किंवा हैदराबादेत अनुभवलेच असेल.

मंगळावरच्या त्या भाषेत 'दुष्ट' या अर्थाचा शब्द नाही. त्यासाठी ते 'वाकलेला' या अर्थाचा शब्द वापरतात. हे वाचताना मराठी वाचकाला पसायदानातील 'व्यंकटी' हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. दुष्टपणा म्हणजे मुळात सरळ असलेल्या गोष्टीला आलेला वाक, ही कल्पना दोन्हीकडे आहे. लुइसला ज्ञानेश्वर ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने ती सेंट ऑगस्टिनपासून चालत आलेल्या ख्रिस्ती विचारातून घेतली. पण अशा ठिकाणी परकी कथा एकदम आपल्या अंगणात येऊन उभी राहते.

कादंबरीचा कळस म्हणजे ग्रहाधिपतीपुढील झडतीचा प्रसंग. वेल्सच्या कथेत माणूस स्वतःच भोळेपणाने पृथ्वीवरच्या युद्धांची वर्णने करतो आणि अडचणीत येतो. लुइसने येथे दुभाषा आणला. वेस्टन मानवजातीच्या भवितव्यावर, जीवशक्तीच्या अखंड वाटचालीवर, दुर्बळांना बाजूला सारून ग्रहामागून ग्रह व्यापण्याच्या हक्कावर मोठे घणाघाती भाषण करतो. रॅन्समला ते मंगळावरच्या साध्या बोलीत सांगायचे आहे. त्या बोलीत मोठे शब्द नाहीत. त्यामुळे प्रत्येक वाक्याचा पोकळ भाग गळून पडतो आणि उरते ते एवढेच, की आम्ही बलवान आहोत म्हणून तुम्हाला मारून तुमची जागा घेणार, आणि हे चांगले आहे असे आम्हांला वाटते. प्रस्तुत लेखकाची हयात शासकीय सेवेत, इंग्रजी मसुद्याचा हिंदी आणि हिंदी परिपत्रकाचा इंग्रजी तर्जुमा करण्यात गेली. सोप्या भाषेत उतरविताना एखाद्या भारदस्त परिच्छेदात सांगण्यासारखे काहीच नव्हते असे ध्यानात येण्याचा अनुभव मला नवा नाही. भाषांतर ही विचाराची कसोटी आहे, हे इतक्या विनोदाने आणि इतक्या निर्दयपणे सांगणारे दुसरे प्रकरण माझ्या वाचनात नाही.

वेस्टनच्या तोंडची मते लुइसने हवेतून घेतली नव्हती. ओलाफ स्टेपल्डनची 'लास्ट अँड फर्स्ट मेन' ही १९३० मधील कादंबरी आणि जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञाचे 'पॉसिबल वर्ल्ड्स' हे १९२७ मधील पुस्तक वाचून तो अस्वस्थ झाला होता. पृथ्वी राहण्यायोग्य उरली नाही तर मानवाने दुसरे ग्रह बळकवावेत, तेथील जिवांचा प्रश्न गौण, असा विचार त्याला त्यांत दिसला. स्टेपल्डनच्या कल्पनाशक्तीचा मात्र तो चाहता होता. हाल्डेनने १९४६ मध्ये लुइसवर तिखट टीका केली. लुइस शास्त्रज्ञांची बदनामी करतो, असा तिचा रोख होता. लुइसचे उत्तर त्याच्या हयातीत छापले गेले नाही, ते १९६६ मध्ये प्रकाशित झाले. आपला विरोध विज्ञानाला नाही. विज्ञानाच्या नावाने माणसाला साधन समजणाऱ्या वृत्तीला आहे, असे त्याचे म्हणणे होते. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले, हे अनेकांना आठवत असेल. वेस्टनच्या चित्रात हाल्डेनसारख्या माणसाला न्याय मिळाला आहे, असे मला वाटत नाही. परंतु प्रतिपक्ष समोर खराखुरा उभा होता, म्हणूनच कादंबरीला धार आली, हेही तितकेच खरे.

दुसरे ऋण डेव्हिड लिंडसेचे. त्याची 'अ व्हॉयेज टू आर्क्ट्युरस' ही १९२० मधील कादंबरी विकली गेली नाही, पण परग्रहाचा प्रवास हा मनाच्या आतला प्रवास होऊ शकतो, हे लुइस तिच्यापासून शिकला. लिंडसेचे तत्त्वज्ञान मात्र त्याला जवळजवळ सैतानी वाटे. जग ही फसवणूक आहे आणि सुख हा सापळा आहे, असे लिंडसेला वाटे. लुइसने त्याची रीत घेतली आणि १९४३ च्या 'पेरेलान्ड्रा'त नेमके विरुद्ध जग उभे केले. शुक्रावरच्या सोनेरी आकाशाखाली लाटांबरोबर हेलकावणारी तरंगती बेटे, एकदा चाखल्यावर पुन्हा मागावेसे वाटू नये इतकी तृप्ती देणारी फळे, आणि निष्पाप हरितवर्णी राणी. हे सुख खरे आहे, एवढेच नव्हे तर ते धरून ठेवण्याचा हव्यास हाच दोष आहे, असे तो सुचवितो. राणीला एकच मनाई आहे : स्थिर भूमीवर रात्री मुक्काम करावयाचा नाही. तरंगत्या बेटावर उद्याची शाश्वती नाही, स्थिर भूमीवर ती आहे. मनाई याच शाश्वतीच्या लोभाला आहे.

या कादंबरीचा खरा पूर्वज मिल्टन. १९४२ मध्ये लुइसचे 'अ प्रिफेस टू पॅरडाइस लॉस्ट' प्रसिद्ध झाले. मिल्टनचा सैतान हाच त्या महाकाव्याचा खरा नायक, या ब्लेक-शेलीपासून चालत आलेल्या मताचा त्यात प्रतिवाद आहे. पुढच्याच वर्षी तोच प्रतिवाद त्याने कथेत केला. पेरेलान्ड्रातील मोहात पाडणारा आता वेस्टनच्या देहात शिरला आहे. राणीपुढे तो भव्य बोलतो. एकटा रॅन्सम समोर असला की बेडकांसारखे जीव फाडत बसतो, आणि रात्रभर रॅन्समचे नाव घेऊन हाका मारतो. काय, असे विचारले तर काही नाही म्हणतो. पुन्हा हाक. दुष्टपणात भव्यता नाही, तो मुळात क्षुद्र, कंटाळवाणा आणि बालिश आहे, हे दाखविणारी ही पाने अंगावर काटा आणतात. व्याख्यानात जे मत होते ते येथे अनुभव झाले. मात्र वादविवाद अखेर हाणामारीने मिटतो. सैतानाच्या युक्तिवादाला उत्तर न सापडल्यामुळे लेखकाने मुठी वळल्या की काय, अशी शंका येते. कादंबरीतली ही एक तडजोड आहे.

तिसरी कादंबरी, १९४५ मधील 'दॅट हिडियस स्ट्रेंग्थ', माझ्या मते सर्वांत विस्कळीत आहे, आणि त्याचे कारण उद्बोधक आहे. येथे लुइसवर चार्ल्स विल्यम्स या मित्राचा पगडा आहे. विल्यम्स हाही ख्रिस्ती लेखक. आधुनिक इंग्लंडच्या रोजच्या जीवनात अतींद्रिय शक्तींचा प्रवेश घडविणे हा त्याच्या कादंबऱ्यांचा विशेष होता. त्याच्याशी लुइसचे भांडण नव्हते. परिणामी आर्थर राजाचा जादूगार मर्लिन, ग्रहदेवता आणि मंगळावरून परतलेला, आता गुरुस्थानी बसलेला रॅन्सम असे सारे साहित्य एकत्र आले, पण शिजले नाही. जॉर्ज ऑर्वेलने १९४५ च्या ऑगस्टमध्ये परीक्षण लिहिताना कादंबरीचे कौतुक केले, पण अतिमानुष भाग नसता तर ती अधिक प्रभावी झाली असती, असे मत दिले. ते मला पटते. विल्यम्सकडून न घेतलेला भागच तिच्यात श्रेष्ठ आहे. एका बलाढ्य संशोधन संस्थेत मार्क नावाचा तरुण अध्यापक नोकरीस लागतो. त्याचे काम नेमके काय, हे त्याला कोणी सांगत नाही. उपसंचालकांचे प्रत्येक वाक्य सौजन्यपूर्ण आणि निरर्थक. आतल्या वर्तुळात आपल्याला घेतील का, या एकाच ध्यासापायी तो पायरी पायरीने घसरत जातो. कार्यालयात आयुष्य काढलेल्या कोणालाही ही प्रकरणे वाचताना हसू येईल आणि थोडे अस्वस्थही वाटेल.

'नार्निया'च्या सात पुस्तकांकडे, म्हणजे १९५० ते १९५६ या काळातील लेखनाकडे येताना ऋणांची यादी आणखी लांबते. हॅन्स अँडरसनच्या हिमराणीची छाया श्वेत चेटकिणीवर आहे. स्पेन्सरच्या 'फेअरी क्वीन'मधील मोकळीढाकळी अद्भुतसृष्टी, आयरिश समुद्रप्रवासकथा, नॉर्स पुराणे आणि प्लेटोची गुहा असे सारे येथे एकत्र नांदते. टोल्किनला ही सरमिसळ रुचली नाही. ग्रीक वनदेव आणि नाताळबाबा एकाच अरण्यात कसे, असे त्याच्यासारख्या काटेकोर निर्मात्याला वाटणे स्वाभाविक होते. २००८ मध्ये मायकेल वॉर्डने 'प्लॅनेट नार्निया' या ग्रंथात मध्ययुगीन विश्वरचनेतील सात ग्रहांचे भाव या सात पुस्तकांत ओवले आहेत, अशी उपपत्ती मांडली. ती सर्वमान्य झालेली नाही. पण मध्ययुगीन आकाश हे लुइसचे आयुष्यभराचे प्रेम होते, एवढे तिने पुन्हा ठळक केले.

मला अधिक बोलका वाटतो तो ई. नेस्बिटचा संबंध. तिच्या 'द मॅजिक वर्ल्ड' या १९१२ मधील संग्रहात एक मुलगी कपाटातून अद्भुत प्रदेशात जाते. 'द स्टोरी ऑफ द अॅम्युलेट'मध्ये प्राचीन बाबिलोनची राणी लंडनमध्ये अवतरते आणि गोंधळ उडविते. नेस्बिट समाजवादी होती, फेबियन सोसायटीच्या संस्थापक सदस्यांपैकी एक. तिच्या त्या पुस्तकातील मुले भविष्यातील सुखी, सुव्यवस्थित लंडनही पाहून येतात. 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मध्ये लुइसने राणीचा विनोदी लंडन-प्रवेश जवळजवळ जसाच्या तसा घेतला. परंतु त्याच्या मुलांना सुखी भविष्य दिसत नाही. त्यांना दिसते ते चार्न नावाचे मृत नगर, जेथे बहिणीशी चाललेल्या सत्तासंघर्षात राणीने एकच शब्द उच्चारून सारे जीवन संपविले आहे. पुस्तक १९५५ मधील आहे. हिरोशिमाला दहा वर्षे झाली होती. प्रगती आपोआप होते, या नेस्बिटच्या काळातील विश्वासाला हे शांतपणे दिलेले उत्तर आहे. नेस्बिटवर प्रेम नसते तर तो विनोद साधला नसता; तिच्याशी मतभेद नसता तर चार्न सुचले नसते.

अस्लानविषयी लिहिताना लुइसने सांगितले आहे की आरंभी कोणताही उपदेश मनात नव्हता. बर्फाळ अरण्यात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला वनदेव हे चित्र सोळाव्या वर्षापासून डोळ्यांपुढे होते. सिंह मागाहून आला. हे रूपक नव्हे, 'असे एखादे जग असते आणि तेथे ईश्वराने अवतार घेतला असता तर' अशी कल्पना आहे, असा त्याचा आग्रह होता. अवतारकल्पना ज्यांच्या परंपरेत रुजलेली आहे अशा आपल्याला हा भेद समजण्यास अडचण पडू नये. येथे फादर स्टीफन्सचे स्मरण होते. या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे 'क्रिस्तपुराण' छापले. सुमारे अकरा हजार ओव्यांतून त्याने बायबलची कथा मराठी पुराणांच्या वळणाने सांगितली. ज्या परंपरेच्या जागी त्याला आपली कथा बसवायची होती, तिचाच छंद आणि तिचीच शब्दकळा त्याला घ्यावी लागली. आणि ती त्याने इतक्या प्रेमाने घेतली की त्याचा धर्म न मानणारा मराठी रसिकही ते काव्य आपले म्हणतो. प्रतिपक्षाच्या वाङ्मयाविषयी असे प्रेम असणे ही काही लहान गोष्ट नाही.

हे प्रेम जेथे नसते तेथे काय होते, तेही लुइसमध्येच दिसते. 'द हॉर्स अँड हिज बॉय' आणि 'द लास्ट बॅटल'मध्ये कॅलॉर्मन हे दक्षिणेकडील साम्राज्य येते. तेथील लोक सावळे, पागोटेधारी आणि वक्र तलवारी बाळगणारे. त्यांचा देव टॅश गृध्रमुखी, चतुर्भुज आणि बळी घेणारा. भारतीय वाचकाला येथे ठेच लागते, आणि लागावी. वेल्स किंवा मिल्टन वाचून लुइसने त्यांना उत्तर दिले. पौर्वात्य जगाशी त्याचा असा वाद कधी झालाच नाही. त्याने केवळ युरोपच्या पडवीत पडून असलेले जुने चित्र उचलले. प्रतिपक्ष नाही, म्हणून विचार नाही. त्यातल्या त्यात 'द लास्ट बॅटल'मध्ये एमेथ नावाचा टॅशचा प्रामाणिक भक्त अस्लानपुढे येतो आणि तू केलेली सारी सत्सेवा माझ्याच खाती जमा झाली, असे त्याला सांगितले जाते. गीतेच्या नवव्या अध्यायाचा वाचक येथे थबकेल. अन्य देवतांची श्रद्धेने केलेली उपासनाही अखेर मलाच पोहोचते, हे भगवंताचे आश्वासन त्याला आठवेल. परंतु दोन्हीकडे 'मलाच' हा शब्द आहे, हेही विसरता कामा नये. सामावून घेणे आणि समान मानणे यांत अंतर असते. ते अंतर दुसऱ्याच्या ग्रंथात चटकन दिसते, म्हणून आपल्या ग्रंथातही ते शोधावे, एवढा लाभ या परकीय कथेने करून दिला तरी पुष्कळ.

या सर्व विवेचनाचा निवाडा लुइसच्या शेवटच्या कादंबरीत होतो. 'टिल वी हॅव फेसेस' १९५६ मध्ये आली. तिला फारसा वाचक मिळाला नाही, पण स्वतः लुइसला ती आपल्या उत्तम कृतींपैकी एक वाटे. आधार आहे दुसऱ्या शतकातील लॅटिन लेखक अॅप्युलियसने सांगितलेल्या क्यूपिड आणि सायकी यांच्या कथेचा. मूळ कथेत सायकीच्या बहिणी तिचा दिव्य महाल पाहतात आणि मत्सराने तिचा घात करतात. लुइसने एकच बदल केला : थोरल्या बहिणीला, ओरुआलला, तो महाल दिसतच नाही. धाकटी बहीण सांगते की मी राजप्रासादात उभी आहे; थोरलीला दिसते ते उघडे माळरान आणि फाटक्या वस्त्रांतली वेडावलेली मुलगी. जिच्यावर आपण आईसारखे प्रेम केले तिला न दिसणाऱ्या देवाच्या हाती सोडायचे, की त्या भ्रमातून ओढून काढायचे? सारी कादंबरी म्हणजे म्हातारपणी राणी ओरुआलने देवांविरुद्ध लिहिलेली तक्रार आहे. ती तक्रार इतकी न्याय्य वाटते की वाचक शेवटपर्यंत तिच्या बाजूने उभा राहतो. ही कथा लुइसने नास्तिकपणाच्या दिवसांत पद्यात लिहून पाहिली होती आणि सोडून दिली होती. म्हणजे येथे प्रतिपक्ष दुसरा कोणी नव्हता. तो तरुणपणीचा लुइसच होता. श्रद्धावंत लेखकाने अश्रद्धेच्या हाती लेखणी दिली आणि तिला पुरते बोलू दिले. उत्तर शेवटी मिळते, पण ते युक्तिवादाने मिळत नाही. भर सभेत तक्रार वाचून दाखविताना तिला स्वतःचाच आवाज ऐकू येतो, आणि आपले प्रेम कितपत प्रेम होते हे कळते. ज्याची ती श्रद्धा नाही अशा वाचकालाही हा शेवट लागू पडतो.

लुइसने जे वेल्सचे केले ते पुढे लुइसचेही झाले, हे न्याय्यच म्हटले पाहिजे. फिलिप पुलमन हा निरीश्वरवादी ब्रिटिश लेखक 'नार्निया'चा कडवा टीकाकार. १९९८ मध्ये त्याने त्यावर वृत्तपत्रात जळजळीत लेख लिहिला. त्याच्या 'हिज डार्क मटेरियल्स' या कादंबरीत्रयीचे नाव मिल्टनच्या महाकाव्यातून घेतलेले, कथेचा आरंभ ऑक्सफर्डमधील महाविद्यालयात, आणि पहिल्याच प्रकरणात नायिका कपाटात लपते! विरोध करावयाचा तर कपाट तेच घ्यावे लागले. मोठ्या लेखकाला विसरणे हा त्याच्यावरचा विजय नसतो. त्याला उत्तर देता येणे हा असतो.

लुइस वाचू इच्छिणाऱ्यांना माझी सूचना अशी, की आधी वेल्सची चंद्रयात्रा वाचावी आणि लगेच लुइसची मंगळयात्रा. दोन्ही फार मोठ्या नाहीत. दोन माणसांचा वाद ऐकताना एकाचेच बोलणे कानी पडावे, तशी गत त्यामुळे होणार नाही. 'टिल वी हॅव फेसेस' मात्र शेवटी, सवडीने वाचावी. नातवंडांनी 'नार्निया' हाती दिले तर तेही नाकारू नये. कॅलॉर्मनचे प्रकरण आले की त्यांच्याशी चार शब्द बोलावे. ज्या लेखकाने आयुष्यभर आपल्या पूर्वसूरींशी प्रेमाने भांडण केले, त्याच्याशी आपणही तसेच भांडणे हाच त्याच्या वाचनाचा योग्य मार्ग होय.